वाघीण, डिकी आणि ॲव्हरेज

इंग्रजांच्या रेल्वेबरोबर 'वॅगन' हा शब्द मराठी मुलखात आला आणि मराठीने त्याची 'वाघीण' केली. 'मालगाडीच्या वाघिणी रुळांवरून घसरल्या' अशी बातमी आजही छापून येते आणि ती वाचून कोणीही वनखात्याला फोन करत नाही. वाघीण म्हणजे माल वाहणारा डबा, हे सर्वांना ठाऊक आहे. रस्त्यावर धावणारी वॅगन ही या वाघिणीची धाकटी, माणसाळलेली बहीण. तिच्यात घरची सगळी माणसे बसावीत, माणसांपेक्षा जास्त सामान मावावे आणि तिला खायला मात्र कमी लागावे, अशी अपेक्षा असते. त्यातून ती जुनी, म्हणजे दुसऱ्या कोणी आधीच माणसाळवून ठेवलेली हवी, कारण नवीचा हप्ता झेपत नाही.

स्टेशन वॅगन हे नाव अमेरिकेतले. आगगाडीतून उतरलेली माणसे आणि त्यांच्या ट्रंका स्टेशनातून मुक्कामी पोहोचवणारी गाडी ती स्टेशन वॅगन. छप्पर थेट मागच्या टोकापर्यंत सरळ गेलेले, मागे पूर्ण उघडणारा दरवाजा, आणि मागची सीट आडवी केली की लहानसे कपाट नेता येईल एवढी पोकळी. भारतात टाटांनी १९९२ साली इस्टेट आणली. पुढे मारुतीची बलेनो अल्टुरा आली, ओपेलची कोर्सा स्विंग आली, २००४ मध्ये टाटांचीच इंडिगो मरिना आली. सगळ्या कामाच्या होत्या आणि सगळ्या गेल्या. दोष गाड्यांचा नव्हता. आपल्याकडे मोटार ही आधी दारात उभी करण्याची वस्तू असते, चालवण्याची नंतर. सेडानची डिकी मागे ठसठशीत बाहेर आलेली असते आणि ती पाहून गल्लीला कळते की या घराचे बरे चालले आहे. छप्पर मागेपर्यंत नेलेली गाडी पाहून शेजारी विचारतो, "ॲम्ब्युलन्स घेतली का?" हा झाला मवाळ शेजारी. जहाल शेजारी दुसऱ्या एका वाहनाचे नाव घेतो, ज्यातून माणूस आडवा होऊन एकदाच प्रवास करतो. घरात लग्नाचे मूल असेल तर एवढ्या शेऱ्यावर सौदा मोडतो. वरात काढायची ती काय ह्यातून?

वॅगन हे नाव लोकांनी अखेर स्वीकारले ते भलत्याच आकारावर. सुझुकीने १९९३ साली जपानमध्ये वॅगन आर काढली. तिकडे छोट्या मोटारींच्या एका वर्गाला कायद्याने लांबी-रुंदी आखून दिलेली आहे. तेवढ्यात जागा काढायची तर वर चढण्यावाचून गत्यंतर नव्हते. जागा नसली की वर बांधायचे, हे तत्त्व मुंबईकराला समजावून सांगावे लागत नाही. डिसेंबर १९९९ मध्ये ही गाडी भारतात आली तेव्हा लोक हसले. चपलेच्या खोक्याला चाके लावली, असे म्हणाले. मग एक एक जण आत बसून पाहू लागला. गुडघे दुखणाऱ्या आईला वाकावे लागत नव्हते, फेटा बांधलेले मामा फेट्यासकट बसत होते. हसणाऱ्यांनीच पुढे ती घेतली. २०१० मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली, जानेवारी २०१९ मध्ये तिसरी, आणि २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सर्वाधिक खपलेली मोटार हीच होती. त्यामुळे जुन्या बाजारात वॅगन शोधणाऱ्या दहा जणांतले सात-आठ जण हिच्याच दारात येऊन थांबतात. खऱ्या स्टेशन वॅगनशी तिचे नाते आडनावापुरतेच आहे, पण आडनाव जुळले की आपल्याकडे पुढची चौकशी होतेच.

गाडी मोजण्याची मापे दोन. डिकी आणि ॲव्हरेज.

डिकीचे माप कंपन्या लिटरमध्ये देतात. हे लिटर कुठून येतात ते पाहण्यासारखे आहे. जर्मन मोटारउद्योगाने घालून दिलेल्या रीतीत २०० मिलिमीटर लांब, १०० रुंद आणि ५० उंच असे ठोकळे घेतात. असा एक ठोकळा म्हणजे बरोबर एक लिटर. डिकीत असे ठोकळे रचत जायचे, आणखी एकही बसेना की मोजायचे. पद्धत निर्दोष आहे. अडचण एवढीच की कोणतेही मराठी कुटुंब गावाला जाताना एक लिटरचे सारखे ठोकळे घेऊन जात नाही. त्याच्याकडे प्रेशर कुकर असतो. कुकरचा दांडा असतो. गणपतीला सावंतवाडीकडे निघालेल्या घराकडे दुमडता न येणारे मखर असते, गौरीच्या मुखवट्यांचा 'हे आडवं ठेवायचं नाही' असा खोका असतो, मोदकपात्र असते, आणि पावसाळा असल्यामुळे कोणाच्याही मापात न बसणाऱ्या सहा छत्र्या असतात. परतताना तांदळाचे पोते असते, नारळ असतात, पिकलेले चिबूड असते. चिबूड आडवे ठेवले काय आणि उभे ठेवले काय, घाट संपेपर्यंत ते फुटायचे असेल तर फुटतेच. मे महिन्यात चिबडाची जागा आंब्याच्या पेट्या आणि एक फणस घेतो. फणसाचा आकार कोणत्याही मोटार कंपनीच्या चित्रकाराने आजवर विचारात घेतलेला नाही.

डिकी भरणे ही प्रत्येक घरात एकाच माणसाची मक्तेदारी असते. त्याला 'डिकी लावणे' म्हणतात, पान लावावे तसे. तो माणूस सकाळी पाच वाजता बनियनवर डिकीपुढे उभा असतो, बॅगांकडे डोळे बारीक करून पाहतो आणि कोणालाही हात लावू देत नाही. मोठी बॅग उभी, तिच्या बगलेत कुकर, कुकरात नारळीपाकाचा डबा, वर चादर. मागे चार जण उभे राहून चार रचना सुचवत असतात. वीस मिनिटांनी दरवाजा गुडघ्याने रेटून लागतो. कुलूप खट्ट वाजते. आणि त्याच क्षणी घरातून आवाज येतो, "अहो, ही एवढी एक पिशवी राहिली." ही पिशवी नेहमी असते. गाडीच्या माहितीपत्रकातल्या लिटरमध्ये ती नसते. जुनी वॅगन घेताना जी जागा खरोखर मोजायची, ती या पिशवीची.

म्हणून लिटरच्या आकड्यापेक्षा तीन साध्या गोष्टी पाहाव्यात. डिकीचे तोंड किती रुंद आहे, उंबरा किती उंच आहे आणि मागची सीट आडवी केल्यावर जमीन सपाट होते की मध्ये पायरी राहते. आतून प्रशस्त आणि तोंडाला चिंचोळी डिकी ही जुन्या रांजणासारखी असते, पेटी तिरकी करूनच आत घालावी लागते. उंबरा उंच असला की पन्नास किलोचे पोते आधी कंबरेला, मग गाडीला आणि मग पुन्हा कंबरेला लागते. तिसऱ्या पिढीच्या वॅगन आरची डिकी ३४१ लिटरची आहे आणि सीट ६०:४० अशी दुमडणारी असेल तर लांब पाईप आणि आजी यांना एकाच वेळी नेता येते. दुमडणारी सीट सगळ्या मॉडेलांत अशी विभागलेली नसते. जुन्या आणि खालच्या मॉडेलांत ती अखंड असते, म्हणजे पाईप किंवा आजी.

आता ॲव्हरेज. मराठीत गाडी ॲव्हरेज 'देते', जशी म्हैस दूध देते. या एका क्रियापदात जुन्या गाडीच्या बाजाराचे सगळे मर्म आहे. गुरांच्या बाजारात विकणारा सांगतो तेवढे दूध म्हैस घरी देत नाही, आणि दोष म्हशीवर येत नाही, वैरणीवर येतो. गाडीचेही तेच. "आमच्याकडे बावीस देत होती. तुम्ही कुठल्या पंपावर भरता?"

अधिकृत ॲव्हरेज ठरते प्रयोगशाळेत. या कामाची नामांकित संस्था, एआरएआय, पुण्यात कोथरूडजवळ वेताळ टेकडीवर आहे. तिथे गाडीची चाके मोठ्या रोलरवर ठेवतात आणि ठरलेल्या आराखड्यानुसार ती सुमारे वीस मिनिटे पळवतात. इतका वेग, मग थांबा, मग पुन्हा वेग, कमाल ताशी नव्वद किलोमीटर. एसी बंद. गाडी पळते भरपूर, जात कुठेच नाही. टेकडीखाली उतरून कर्वे रस्त्याला लागले की हाच आकडा चोरीला गेल्यासारखा कमी होतो. सर्व गाड्या एकाच तागडीत मोजल्या जात असल्यामुळे तुलनेला हा आकडा उपयोगी आहे. पण त्यावर महिन्याचा खर्च आखणे म्हणजे पत्रिकेतल्या गुणांवर संसाराचे अंदाजपत्रक आखणे. छापील आकड्यातून पाव भाग काढून टाकावा, शहरातल्या गर्दीचा थोडा आणखी काढावा, आणि उरेल त्यावर समाधान मानावे. छपरावर कॅरिअर लावून त्यावर ताडपत्रीखाली गादी बांधली असेल तर वारा अडतो आणि त्याचाही भाग वेगळा कापून घ्यावा लागतो.

डिकी आणि ॲव्हरेज या दोघींचे एकमेकींशी पटत नाही, हा या विषयातला मुख्य पेच आहे. हवे तेवढे ॲव्हरेज पेट्रोल देत नाही, म्हणून माणूस सीएनजीकडे वळतो. सीएनजीची टाकी कुठे ठेवतात? डिकीत. साठ लिटर पाण्याच्या मापाची, पोलादी, लाल किंवा पांढऱ्या रंगाची ही टाकी डिकीत एकदा आडवी झाली की घरजावयासारखी तिथेच राहते. सामान तिच्या अंगाखांद्यावर रचावे लागते. म्हणजे सामान न्यायला वॅगन घेतली, वॅगन परवडावी म्हणून सीएनजी घेतला आणि सीएनजीने सामानाची जागा घेतली. तरीही अशा गाड्यांना जुन्या बाजारात चांगली मागणी असते. २०२२ नंतरच्या सीएनजी वॅगन आरचा छापील आकडा किलोला ३४.०५ किलोमीटर आहे, आणि तो एकदा वाचला की पुढचे काही दिसत नाही. टाकीसुद्धा.

हिशेब मांडून पाहिला तर भूल उतरते. पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि सीएनजी किलोला ९० रुपये धरू. प्रत्यक्षात पेट्रोलवर १६ आणि सीएनजीवर २४ किलोमीटर मिळतात असे धरू. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याला पेट्रोलचे साधारण ६,५६० रुपये लागतील आणि सीएनजीचे ३,७५०. महिन्याला २,८०० वाचले. जुन्या बाजारात सीएनजीच्या गाडीला त्याच वयाच्या पेट्रोल गाडीपेक्षा ७५ हजार जास्त मोजले असतील तर ते सव्वादोन वर्षांत वसूल होतात. हिशेब चोख आहे. पण महिन्याला तीनशे किलोमीटर, म्हणजे रविवारी सासुरवाड आणि बुधवारी मंडई एवढेच फिरणाऱ्याला हेच पैसे वसूल व्हायला सात वर्षांहून जास्त लागतात. तोवर गाडी म्हातारी होते, मंडई मॉलमध्ये जाते, आणि डिकीतली टाकी मात्र तशीच असते. सीएनजी घेणाऱ्यांत या दुसऱ्या जातीची माणसे पुष्कळ आढळतात. त्यांना विचारले तर ती म्हणतात, "पण ॲव्हरेज बघा ना."

टाकी साठ लिटरची असली तरी गॅस बसतो आठ-नऊ किलो. म्हणजे गाव दूर असेल तर वाटेत एकदा पंप गाठणे आले आणि पंपावर रांग आली. गॅस भरताना सर्वांनी गाडीतून उतरायचे असते. नियम सुरक्षिततेचा आहे आणि योग्य आहे. पण मांडीवर डबे, पायात पिशव्या आणि कडेला झोपलेले मूल अशा अवस्थेत रचून बसवलेले कुटुंब एकदा बाहेर काढले की तसेच्या तसे पुन्हा आत बसत नाही. प्रत्येक वेळी एक पिशवी उरते. बहुधा ती तीच असते.

डिकी आणि ॲव्हरेजच्या या भांडणावर टाटांनी २०२३ मध्ये एक तोडगा काढला. अल्ट्रोझमध्ये आणि नंतर पंचमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी तीस-तीस लिटरच्या दोन टाक्या डिकीच्या तळाखाली ठेवल्या. वर फळी, फळीवर सामान. इतकी सरळ गोष्ट सुचायला इतकी वर्षे का लागली, हा प्रश्न पडतो, पण घरातला माळाही कोणाला तरी पहिल्यांदा सुचलाच असणार. या गाड्या अजून फार जुन्या झालेल्या नाहीत, त्यामुळे परवडणाऱ्या किमतीत त्या मिळायला वाट पाहावी लागेल.

बाकीच्या स्थळांचा विचार थोडक्यात आटोपता येतो, एक मारुतीची ईको सोडून. मारुतीचीच एर्टिगा २०१२ पासून आहे, सात जण बसतात. दुसऱ्या पिढीत तिसरी रांग उभी असताना डिकी २०९ लिटर, दुमडली की ५५०. हीच खरी मराठी स्टेशन वॅगन म्हणायला हरकत नाही. पण टॅक्सीवाल्यांचाही तिच्यावर डोळा असल्याने तिची किंमत उतरता उतरत नाही. खालच्या बजेटात हाती लागते ती बहुधा टॅक्सीवाल्याने पिळून काढलेली असते. रेनोची ट्रायबर २०१९ ची. तिची तिसरी रांग नुसती दुमडत नाही, उचलून बाहेर काढून घरात ठेवता येते. सातही जणांना बसवले तर डिकी ८४ लिटर उरते, म्हणजे एक शाळेचे दप्तर आणि थोडा पश्चात्ताप. पाचच जण बसले तर ६२५. काढलेली सीट दिवाणखान्यात पाहुण्यांना बसायला उपयोगी पडते असे म्हणतात. सुरक्षेच्या चाचणीत ट्रायबरला २०२१ मध्ये मोठ्यांच्या बचावासाठी चार तारे मिळाले. वॅगन आरला २०२३ मध्ये, अधिक कडक नियमांखाली, एकच मिळाला. उरलेले चार धडक बसल्यावर प्रवाशाला स्वतःला दिसतात.

ईकोचे प्रकरण निराळे. तिची आजी म्हणजे १९८४ ची मारुती व्हॅन, जिचे पुढे ओम्नी नाव झाले आणि सरकत्या दरवाजामुळे जिला हिंदी सिनेमात अपहरणाचे कंत्राट कायमचे मिळाले. ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली. ईको २०१० पासून चालू आहे. ती दिसायला खोके आहे, बसायला बाकडे आहे आणि एंजिन पुढच्या सीटच्या खाली असल्यामुळे उन्हाळ्यात ड्रायव्हरला बूड शेकण्याची सोय आपोआप होते. पण माल? पाच सीटची ईको घ्यावी आणि मागचा दरवाजा उघडून पाहावा. फणस आत घेऊन वर विचारते, "अजून काय आहे?" केटरिंगवाले, फुलवाले, मंडपवाले, दूधवाले, ज्यांच्या पोटाचा प्रश्न सामानावर अवलंबून आहे ते सगळे ईको वापरतात. ज्यांना सामान न्यायचे असते पण तसे दिसायचे नसते, ते बाकीच्या गाड्या घेतात. जुनी ईको घेताना मात्र तिचा पूर्वेतिहास काढावा. शाळेची व्हॅन असेल तर सीटखाली च्युइंगम आणि कंपासपेटी सापडते. मासळीबाजारात फिरलेली असेल तर सुकटीचा वास येतो, आणि मालक बदलला, आरसी बदलली, सीटकव्हर बदलले तरी तो वास बदलत नाही. मागच्या स्प्रिंगा बसलेल्या असतील आणि गाडी उभी असतानाच आकाशाकडे तोंड करून असेल, तर तिने सिमेंट वाहिले आहे.

जुनी गाडी पाहायला जाणे हे बैलबाजाराला जाण्याचेच पुढचे रूप आहे. तिथे दात मोजत, इथे टायर पाहतात. तिथे जाणता शेतकरी बरोबर नेत, इथे गाडीतले कळणारे भावोजी नेतात. प्रत्येक घरात असे एक भावोजी असतात. ते आधी टायरला लाथ मारतात, मग बोनेट उघडायला लावतात, ऑईलची पट्टी बाहेर काढून रुमालाला पुसतात, पुन्हा बुडवतात, पुन्हा काढतात आणि "हं" म्हणतात. या 'हं'चा अर्थ आजवर कोणी विचारलेला नाही. भावोजींना न्यावेच, कारण त्यांना न नेता घेतलेली गाडी जन्मभर खराब निघते. पण त्यांच्या जोडीला ओळखीचा मेस्त्री चार पैसे देऊन न्यावा. तो बोलत नाही. तो गाडीखाली जातो.

जाहिरातीची भाषा शिकून घ्यावी लागते. 'डॉक्टरची गाडी' हा तिच्यातला मानाचा शब्द. जाहिराती खऱ्या मानल्या तर महाराष्ट्रातले डॉक्टर रुग्ण तपासतच नसावेत, नुसत्या गाड्या विकत असावेत. 'सिंगल हँड' म्हणजे एकच मालक, मग त्या मालकाला तीन मुलगे का असेनात. 'थोडं टचअप' म्हणजे एक बाजू नवी आहे. 'एक रुपयाचं काम नाही' हे अक्षरशः खरे असते, काम काही हजारांचे असते. आठ वर्षांच्या गाडीच्या मीटरवर ३८ हजार किलोमीटर दिसले तर पेडलचे रबर पाहावे, स्टिअरिंग हाताने घासून तुकतुकीत झाले आहे का पाहावे. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायर गाडीपेक्षा लहान असतील तर पहिले टायर कुठे झिजले, हे विचारावे. चारही काचांवर सारखीच वर्ष-खूण असेल तर बरे, एकच वेगळी असेल तर त्या बाजूला काहीतरी घडले आहे. दरवाजाच्या रबरी कडेवर रंगाचे शिंतोडे सापडले तर ते टचअप मोठे होते.

पाण्यातल्या गाड्यांची एक वेगळी जात आहे. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हापासून हा माल बाजारात ओळखला जाऊ लागला. पुढे २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा पूर आणि जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आला. पुरात बुडालेली गाडी धुऊन, सुकवून, अत्तर मारून शंभर-दोनशे किलोमीटर दूरच्या गावात उभी राहते. अशी गाडी ओळखायची सोपी रीत म्हणजे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढणे. पाण्याची रेघ आणि गाळ तिथे राहून जातो, कारण धुणारा तिथपर्यंत जात नाही. स्टेपनीचा खड्डा आणि सीटखालच्या पट्ट्या गंजलेल्या आहेत का तेही पाहावे. लिंबाच्या वासाचे अत्तर जरा जास्तच असेल तर तिथेच नमस्कार करून निघावे.

कागदांचे काम कंटाळवाणे आहे, पण एजंटावर सोडून घरी झोपण्यासारखे नाही. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा फॉर्म ३५ हवा. मालकी बदलायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात. परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो. दिल्लीत डिझेल गाडीला दहा आणि पेट्रोल गाडीला पंधरा वर्षांची मर्यादा घातल्यानंतर तिकडच्या डिझेल एर्टिगा इकडे स्वस्तात दिसू लागल्या. त्या स्वस्ताईतून टॅक्स, एनओसी आणि दोन फेऱ्या वजा करून मग आनंद मानावा. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या खासगी गाडीचे पासिंग पुन्हा पाच वर्षांसाठी करून घ्यावे लागते आणि वर पर्यावरण कर भरावा लागतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षित नंबरप्लेट बसवली आहे का, तेही बघावे. सीएनजी असेल तर आरसीवर इंधनाच्या रकान्यात तशी नोंद हवी आणि टाकीची तीन वर्षांनी करायची चाचणी झालेली हवी. बाहेरून बसवलेले किट, आरसीवर नुसते 'पेट्रोल' आणि विक्रेता "त्यात काही नसतं हो" म्हणतो आहे, असा योग असेल तर त्यात बरेच काही असते. अपघात झाला की विमा कंपनीला ते लगेच सापडते.

बैलबाजारात भाव रुमालाखाली बोटे धरून ठरवत, म्हणजे तिसऱ्याला कळू नये. इथे तो मोबाइलवर लिहून दाखवतात, तेच कारण. विक्रेता मान हलवतो, फोन परत करतो, आपण आकडा बदलून परत दाखवतो. चहा येतो. दुसरा चहा आला की दहा हजार कमी होणार हे नक्की, तिसऱ्या चहाला सहसा काही होत नाही. विसार देण्याआधी पेट्रोल गाडी पूर्ण थंड असताना सुरू करून पाहावी, पाहायला जाण्याआधी कोणी ती गरम करून ठेवलेली नसावी. आणि ती चढावर न्यावी, माणसे भरून. सपाट रस्त्यावर, एकट्याने, प्रत्येक गाडी चांगली असते.

निवाडा असा. महिन्याला सहा-सातशे किलोमीटरच्या आत फिरणाऱ्याने सीएनजीचा नाद सोडावा आणि २०१९ नंतरची पेट्रोल वॅगन आर घ्यावी, विभागलेल्या सीटची. सामान हाच धंदा असेल तर लाज सोडून ईको. माणसेही सात आणि पिशव्याही सात असतील तर थोडे थांबून, पैसे जमवून टॅक्सीत न फिरलेली एर्टिगा किंवा धडधाकट ट्रायबर. कोणतीही पाहायला जाताना घरातली आंब्याची एक रिकामी लाकडी पेटी बरोबर न्यावी. विक्रेता हसेल, भावोजी खजील होतील. पेटी डिकीत ठेवावी, तिच्याशेजारी प्रेशर कुकर ठेवावा, दरवाजा न रेटता लावून पाहावा. लागला तर विचारावे, "ॲव्हरेज किती देते?"